बोटाखालचा कोश : ई-रीडरमधल्या अनुवादकोशांचा आढावा

ई-रीडरवर वाचताना अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरले की पानावरच एक लहान चौकट उघडते आणि तीत त्या शब्दाचा अर्थ दिसतो. अर्थ त्याच भाषेत आला तर तो एकभाषी कोश, दुसऱ्या भाषेत आला तर द्विभाषी कोश, म्हणजेच अनुवादकोश. परभाषेतले पुस्तक वाचणाऱ्याला ई-रीडरचा सर्वांत मोठा उपयोग हाच. कोश पाहण्यासाठी पुस्तक मिटावे लागत नाही आणि वाचनाची लय मोडत नाही. मात्र ही सोय चौकट उघडण्यापुरतीच हमखास असते. चौकटीत काय येते, यात यंत्रायंत्रांत फरक पडतो आणि भाषाभाषांत तर त्याहूनही मोठा.

ॲमेझॉनचे पहिले किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत विक्रीला आले. त्याची साठवण जेमतेम २५० मेगाबाइट होती, तरी त्यात ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ अंतर्भूत होती. किंडलच्या कोशांचा साचा मोबिपॉकेट या फ्रेंच कंपनीच्या फाइल-प्रकारातून आला. ती कंपनी ॲमेझॉनने २००५ मध्ये विकत घेतली होती. पुढे कॅनडात सुरू झालेल्या कोबोने इंग्रजीला फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन अशा भाषांशी जोडणारे अनुवादकोश देऊ केले. पॉकेटबुकच्या यंत्रांवर ‘ॲबी लिंग्वो’चे कोश आले. या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे. इंग्रजीचा एकभाषी कोश नामांकित प्रकाशकाचा आणि भरगच्च असतो. अनुवादकोश बहुधा त्याच्यापुढे रोडका वाटतो. एकभाषी कोश एकदाच परवान्यावर घेतला की लाखो ग्राहकांना पुरतो. अनुवादकोश मात्र भाषांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा घ्यावा लागतो, आणि जोड्या वाढतात तसा एकेका जोडीचा ग्राहकवर्ग घटत जातो.

अनुवादकोश चांगला की वाईट, हे ठरवताना जाहिरातीत सांगितलेली शब्दसंख्या पाहण्याची सवय आहे. ती दिशाभूल करते. वाचणारा नेहमीच्या शब्दांवर बोट ठेवत नाही. तो थांबतो ते विरळ शब्दांवर. त्यामुळे प्रवासी पुस्तिकेसारखा दहा-पंधरा हजार शब्दांचा कोश नेमका ज्या शब्दांसाठी उघडला जातो, तेच त्यात नसतात. शब्दसंख्या मोठी हवी हे खरे, पण मोठ्या कोशातही शब्द सापडला पाहिजे, आणि सापडण्याची पहिली अट म्हणजे पानावरचे रूप ओळखता येणे. छापील कोश पाहणारा माणूस ‘घोड्यांवर’ वाचून स्वतः ‘घोडा’ शोधतो. ई-रीडरमध्ये हे काम यंत्रावर येते, आणि बहुतेक अनुवादकोश पहिल्यांदा अडखळतात ते इथेच.

इंग्रजीत ही अडचण सौम्य आहे, कारण एका क्रियापदाची रूपे चार-पाचांपलीकडे क्वचितच जातात. स्पॅनिशमध्ये ‘फुए’ हे रूप ‘असणे’ आणि ‘जाणे’ या दोन्ही क्रियापदांचे भूतकाळी रूप आहे; कोशाने दोन्ही नोंदी दाखवल्या नाहीत तर निम्म्या वाक्यांचा अर्थ उलटा लागतो. जर्मनमध्ये क्रियापदाचे दोन तुकडे होऊन एक वाक्याच्या टोकाला जातो. ‘एर रूफ्ट मिष आन’ म्हणजे ‘तो मला फोन करतो’. इथले क्रियापद ‘आनरूफन’ आहे, पण ‘रूफ्ट’वर बोट ठेवले की चौकटीत ‘रूफन’ येते आणि अर्थ निघतो ‘हाक मारणे’. कोश चुकीचे काही सांगत नाही, वाचकाची मात्र वाट चुकते.

मराठीत हा प्रश्न कितीतरी पटींनी वाढतो, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात आणि त्याआधी नामाचे सामान्यरूप होते. एक साधे वाक्य घ्यावे: ‘विहिरीवरून आणलेल्या पाण्याने तिने अंगणातल्या तुळशीला न्हाऊ घातले.’ या आठ शब्दांपैकी एकही शब्द कोशात शीर्षशब्द म्हणून सापडत नाही. ‘विहिरीवरून’ची नोंद ‘विहीर’खाली असते, आणि प्रत्यय काढला तरी ‘विहिरी’ उरते, त्यातला ‘हि’ ऱ्हस्व. ‘पाण्याने’मधून ‘ने’ काढल्यावर ‘पाण्या’ राहते, ‘पाणी’ नव्हे. ‘तुळशीला’मध्ये ‘स’चा ‘श’ झालेला आहे. ‘अंगणातल्या’ला दोन थर आहेत, आधी ‘त’ आणि त्यावर ‘ला’चे सामान्यरूप. ‘घातले’ हे ‘घालणे’चे अनियमित भूतकाळी रूप. आणि ‘न्हाऊ घातले’ हे दोन शब्द मिळून एक क्रिया, तीही दुसऱ्याला स्नान घालण्याची. नुसत्या ‘घालणे’ या नोंदीतून ती कळायची नाही. शेवटचे अक्षर छाटून पाहणारी यांत्रिक युक्ती या वाक्यात जवळजवळ कुठेच चालत नाही.

रूप ओळखण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत. किंडलच्या कोशात प्रत्येक शीर्षशब्दाबरोबर त्याची सर्व रूपे कोशकारानेच आधी लिहून ठेवायची असतात. यंत्र केवळ यादीत जुळणी करते. कोबोच्या कोश-फाइलींतही पर्यायी रूपे अशीच नोंदता येतात. इंग्रजी, डच यांसारख्या भाषांना ही रीत उत्तम, कारण यादी आटोपशीर राहते आणि चूक होत नाही. मराठीत एका नामाला एकवचन-अनेकवचन धरून, शब्दयोगी अव्यये जोडून आणि ‘घरातल्यांनासुद्धा’सारखी थरावर थर चढलेली रूपे मोजून शंभरच्या कितीतरी पुढे जावे लागते. दुसरी रीत नियमांची: प्रत्यय ओळखून मूळ रूप शोधणारी प्रणाली. ‘हनस्पेल’ या शुद्धलेखन-तपासनीसाच्या नियमसंचाचा असा वापर ‘गोल्डनडिक्ट’ हा संगणकावरचा कोश-वाचक करतो. तिसरी रीत जवळच्या शब्दाची. ‘के-ओ-रीडर’ हे मुक्त स्रोत वाचन-सॉफ्टवेअर ‘स्टारडिक्ट’ प्रकारच्या कोशांत नेमका शब्द न मिळाल्यास अक्षरांनी जवळचे शब्द सुचवू शकते. ही सोय पुष्कळदा कामी येते, पण ती अर्थाने नव्हे, अक्षरांनी जवळचे शोधते, हे वाचकाने विसरू नये.

नियमांची रीतही निर्धोक नाही. ‘माळ्याला’ हे रूप ‘माळी’चेही आहे आणि ‘माळा’चेही. ‘माळावर’ म्हणजे उजाड उंच जमिनीवर, ‘माळेत’ म्हणजे मण्यांच्या ओळीत. दोन्हींचे मूळ ‘माळ’च, पण एक पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी. चांगल्या कोशाने अशा वेळी एकाचीच निवड करून गप्प बसू नये. दोन्ही नोंदी एकाखाली एक दाखवाव्यात. बागेत काम करणारा की घराचा वरचा मजला, हे वाचक संदर्भावरून सहज ठरवतो. यंत्राने खात्रीने सांगितलेला चुकीचा अर्थ हा अर्थ न सापडण्यापेक्षा घातक, कारण न सापडल्यावर वाचक दुसरीकडे शोधतो, चुकीचा सापडल्यावर पुढे जातो.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘वाऱ्याने’मधला अर्धा ‘र’ संगणकात दोन तऱ्हांनी नोंदला जातो: एकात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह येते, दुसऱ्यात नुक्ता असलेला ‘ऱ’ येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; त्याआधी, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि वरची चंद्रकोर अशी जुळणी होत राहिली. पुस्तक एका पद्धतीने टंकलेले आणि कोश दुसऱ्या, असे झाले की शब्द कोशात असूनही ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते. तपासण्यापूर्वी दोन्हीकडची अक्षरे एका साच्यात आणणे हे प्रोग्रामरच्या दृष्टीने किरकोळ काम आहे; ते केलेले नसेल तर कोश कितीही समृद्ध असला तरी फुकट जातो.

लेखनाच्या नियमांचाही असाच परिणाम होतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असत. जुन्या आवृत्तीवरून केलेले ई-पुस्तक आणि आजच्या लेखनाचा कोश यांची गाठ पडली की दर ओळीला अडते. उलटही होते. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात क्रियापदे ‘करणें’, ‘बसणें’ अशी आणि नपुंसकलिंगी नामे ‘केळें’, ‘डोकें’ अशी आहेत. आजच्या कादंबरीतला ‘डोके’ हा शब्द तिथे जसाच्या तसा भेटत नाही. जर्मनमध्ये १९९६ च्या लेखनसुधारणेनंतर जुन्या-नव्या पुस्तकांबाबत हाच पेच पडला होता, पण तिथल्या कोशांनी दोन्ही रूपांना स्थान दिले आणि प्रश्न मिटवला.

याशिवाय पुस्तकाच्या फाइलीत भाषेची नोंद अचूक असावी लागते. कोणता कोश उघडायचा हे किंडल पुस्तकाच्या नोंदलेल्या भाषेवरून ठरवते. मराठी पुस्तकावर चुकून इंग्रजीचा शिक्का असेल तर मराठी शब्दासाठी इंग्रजी कोश धुंडाळला जातो. पीडीएफची गत याहून वाईट. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या पीडीएफमध्ये पडद्यावर मराठी दिसले तरी आत रोमन अक्षरांची भेळ असते. स्कॅन केलेली पाने तर निव्वळ चित्रे. तिथे कोणताच कोश चालत नाही.

रूप ओळखले गेले, नोंद सापडली, असे धरले तरी पुढचा प्रश्न उरतो: चौकटीत आधी काय दिसते? सहा इंची पडद्यावरच्या चौकटीत पाच-सहा ओळी मावतात. छापील कोशात वाचकाची नजर एका झटक्यात पूर्ण नोंदीवरून फिरते आणि हवा तो अर्थ टिपते. चौकटीत मात्र पहिला अर्थ हाच बहुतेकांसाठी शेवटचा ठरतो. म्हणून ई-रीडरच्या कोशात अर्थांचा क्रम छापील कोशापेक्षाही महत्त्वाचा. ऐतिहासिक क्रमाने, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी, रचलेला कोश अभ्यासकाला प्रिय असला तरी चौकटीत नडतो. व्युत्पत्ती, उच्चार, व्याकरणाची संक्षिप्त चिन्हे यांनी पहिल्या दोन ओळी व्यापल्या तर अर्थ चौकटीबाहेरच राहतो. मोल्सवर्थमधली ‘तोंड’ किंवा ‘हात’ या शब्दांची नोंद वाक्प्रचारांनी ओसंडून वाहते. छापील पानावर ती मेजवानी आहे. चौकटीत तिची पुनर्रचना करावी लागेल.

वाक्प्रचारांपाशी जवळजवळ सगळेच अंतर्भूत कोश हरतात. ‘त्याने भावाच्या तोंडाला पाने पुसली’ या वाक्यात ‘तोंड’, ‘पान’ आणि ‘पुसणे’ या तिन्ही शब्दांचे अर्थ कोश बिनचूक देईल आणि तरीही भावाची फसवणूक झाली हे वाचकाला कळणार नाही. इंग्रजीत ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. ‘पुट’वर बोट ठेवणाऱ्याला ‘ठेवणे’ मिळते. बोट एका शब्दावर पडते आणि अर्थ तीन शब्दांत पसरलेला असतो, हे या सोयीचे मूळ दुखणे आहे. यावर इलाज आहे: बोटाखालच्या शब्दाच्या आजूबाजूचे शब्द पाहून कोशातल्या वाक्प्रचाराशी जुळवणी करणे. पण त्यासाठी वाक्प्रचार स्वतंत्र नोंदी म्हणून मांडलेले हवेत, लांब नोंदीच्या पोटात दडलेले नकोत.

प्रतिशब्द द्यावा की स्पष्टीकरण, हा अनुवादकोशाचा जुना वाद ई-रीडरवर नव्याने समोर येतो. ‘घोडा’सारख्या शब्दाला एक प्रतिशब्द पुरतो आणि तिथे अनुवादकोश एकभाषी कोशाला सहज मागे टाकतो, चार पायांचा, आयाळ असलेला प्राणी वगैरे वर्णन वाचण्यात वेळ जात नाही. ‘माजघर’, ‘ओटी’, ‘वाकळ’, ‘पडवी’ या शब्दांना मात्र इंग्रजीत प्रतिशब्द नाही. तिथे एका शब्दात उरकणारा कोश फसवतो आणि दोन ओळींत वस्तू उभी करणारा कोश मदत करतो. ‘ओटी’ घराची की भरायची, हेही सांगावे लागते. भाववाचक शब्दांत धोका आणखी वाढतो. चार प्रतिशब्द स्वल्पविराम देऊन ओळीने ठेवले, पण कोणता कुठे चालतो ते सांगितले नाही, तर वाचक बहुधा पहिलाच उचलतो.

रशियन भाषाशास्त्रज्ञ लेव्ह श्चेर्बा यांनी १९४० मध्ये मांडले होते की भाषांच्या एका जोडीला दोन नव्हे, चार कोश लागतात, कारण परभाषा वाचून समजणे आणि परभाषेत स्वतः लिहिणे या गरजा वेगळ्या आहेत आणि दोन्ही बाजूंच्या भाषकांना त्या वेगवेगळ्या असतात. ई-रीडरला हवा तो वाचणाऱ्याचा कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मराठी वाचणाऱ्या इंग्रजांसाठी रचलेला, म्हणून परदेशात वाढलेल्या आणि मराठी पुस्तक हाती घेणाऱ्या नातवंडांना तो आजही स्वभावाने जुळतो. मोल्सवर्थ-कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश मात्र मराठीत लिहू-बोलू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी होता. इंग्रजी कादंबरी वाचणाऱ्या सातारच्या वाचकाची गरज त्यात धरलेली नाही. त्याची नुसती फाइल करून ई-रीडरवर चढवली तर तक्रार येणारच, आणि ती कोशाच्या दर्जाची नसून त्याच्या चुकीच्या वापराची असेल.

अंतर्भूत कोशांशिवाय वाचक स्वतः चढवतात त्या कोशांचे जग मोठे आहे. स्वामित्वहक्क संपलेले कोश, विक्शनरीतून गाळून काढलेल्या याद्या आणि २००० पासून चालू असलेल्या ‘फ्रीडिक्ट’सारख्या प्रकल्पांचे संच त्यात येतात. संस्कृत वाचणाऱ्यांना मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा कोश असा मिळतो आणि त्यांची चांगली सोय होते. पण फुकट संचांत एक प्रकार टाळावा असा आहे: उलटवलेला कोश. इंग्रजी-मराठी यादी यंत्राने उलटी केली की मराठी-इंग्रजी कोश तयार होतो, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात ‘पाण्याजवळ वाढणारे एक झुडूप’ हे स्पष्टीकरणच शीर्षशब्द होऊन बसते, आणि ज्या मराठी शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द नाही ते यादीत येतच नाहीत. वाचक नेमका त्याच शब्दांवर अडतो.

यंत्रानुवादाने यातले काही प्रश्न सोडवले आहेत. किंडलवर निवडलेल्या मजकुराचा अनुवाद मायक्रोसॉफ्टच्या बिंग अनुवादकाकडून येतो. यंत्रानुवाद पूर्ण वाक्य पाहतो, म्हणून तुटलेली क्रियापदे आणि विभक्तीची रूपे त्याला कोशाइतकी अडवत नाहीत. मात्र त्याला इंटरनेट लागते. एसटीत, आगगाडीत, गावी तो हाताशी असेलच असे नाही. शिवाय तो एकच उत्तर देतो, पर्याय दाखवत नाही, आणि अडलेला शब्द गुळगुळीत करून पुढे सरकतो. भाषा शिकत वाचणाऱ्याला शब्दाची छटा हवी असते, तो वाक्याचा सारांश मागत नसतो. त्यामुळे दोन्ही सोयी हव्यात, पण कोशाचे काम अनुवादकावर सोपवता येत नाही.

ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके उपलब्ध केली. मराठी अक्षरे ई-शाईच्या पडद्यावर नीट उमटू लागली, ही मोठी मजल होती. कोशाची मजल त्या मानाने मागे राहिली. सामग्री नाही म्हणून ती राहिली, असे मात्र म्हणता येत नाही. मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती, सुमारे ६०,००० शब्दांची, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात अक्षरांकित होऊन वर्षे लोटली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, १९५० मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली. तोही संगणकावर शोधता येतो. मुंबईच्या आयआयटीत घडलेल्या मराठी वर्डनेटमध्ये समानार्थी शब्दांचे गट अर्थासह मांडलेले आहेत. छापील युगातल्या इतक्या भरीव कोशकार्याचा वारसा थोड्याच भाषांना लाभतो. नाही तो मधला पूल: सामान्यरूपांची आणि क्रियापदांच्या रूपांची यंत्राला वाचता येईल अशी पूर्ण यादी, जुन्या-नव्या लेखनाची जुळणी, आणि चौकटीत मावेल अशी नोंदींची फेरमांडणी.

एखाद्या ई-रीडरचा कोश कामाचा आहे की नाही हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. ज्या भाषेत वाचायचे त्या भाषेतल्या कादंबरीचे मधलेच एक पान काढावे. पहिले पान नको, कारण तिथली भाषा बहुधा सोपी असते. त्या पानातल्या पंचवीस आशयघन शब्दांवर एकेक करून बोट ठेवावे आणि तीन गोष्टी टिपाव्यात: नोंद उघडली का, उघडली ती योग्य शब्दाची होती का, आणि या वाक्यात बसणारा अर्थ चौकट न सरकवता दिसला का. पंचवीसपैकी वीस शब्दांना तिन्ही उत्तरे ‘हो’ आली तर तो कोश वाचनाला साथ देईल. बारा-पंधरांवर थांबला तर वाचक आठवडाभरात चौकट उघडणे सोडून देईल. युरोपातल्या मोठ्या भाषांच्या जोड्यांसाठी पहिली पायरी आता गाठता येते. मराठी पानावर, आधीच्या वाक्यातल्या विहिरीपासून तुळशीपर्यंत, हीच चाचणी घेतली तर रूपांची यादी नसलेला कोश आठपैकी एकाही शब्दाची नोंद उघडत नाही.